शालनताईंनी तोडलेलं गाणं

शालनताई चौबळांनी चाळीसएक वर्षं रेडिओवर लोकांना बोलतं केलं, पण 'तुम्हाला कसं वाटतं?' हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नाही. "कसं वाटतं विचारलं की माणूस छान वाटतं म्हणतो. मग पुढे काय विचारणार, कपाळ?" असं त्या म्हणायच्या. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आज सकाळपासून काय काय केलंत?" समोर मंत्री असो, गवई असो, नाहीतर लूमवरचा कारीगर असो. माणूस आधी गोंधळायचा, मग दात घासण्यापासून सुरुवात करायचा आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला स्वतःच्याही नकळत खरं बोलायला लागायचा.

मला हे माहीत आहे, कारण माझी नोकरीची मुलाखतही त्यांनी अशीच घेतली. भिवंडीतल्या एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा सामुदायिक रेडिओ चालतो. दोन खोल्या, भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून चिकटवलेले अंड्यांचे ट्रे आणि गच्चीवर एक खांब. आमचा आवाज इकडे राहनाळ, तिकडे काल्हेरपर्यंत जातो आणि मग दमतो. मशिन सांभाळायला माणूस हवा होता. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, तीन प्रमाणपत्रं आणि एक शिफारसपत्र घेऊन गेले होते. शालनताईंनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. सकाळपासून काय केलंस, म्हणाल्या. मी सांगत गेले आणि शेवटी आमच्या घरचा मिक्सर जळणार हे वास यायच्या आधीच मला आवाजावरून कसं कळलं होतं, ते बोलून गेले. "उद्यापासून ये," त्या म्हणाल्या.

तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. ठेंगण्या, सुती साडी, गुडघे कामातून गेलेले, आणि आवाज घोगरा. या आवाजावर त्यांच्या आयुष्याची निम्मी गोष्ट उभी आहे. वडील कोर्टात कारकून होते. मुलीने शिक्षिका व्हावं असं घरच्यांचं ठरलेलं, पण हिने परस्पर मुंबईला जाऊन रेडिओची आवाजाची चाचणी दिली. परीक्षकांनी विचारलं, सर्दी झाली आहे का? "हो म्हटलं असतं तर पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं असतं त्यांनी. मी म्हटलं, नाही, हा माझाच आवाज," हे सांगताना त्या दरवेळी खूश व्हायच्या. मग पाच वर्षं भिवंडीतल्या सुताच्या एका व्यापाऱ्याकडे टायपिंग केलं. त्या पाच वर्षांत कारीगरांची हिंदी त्यांच्या तोंडात बसली. पुढे रेडिओच्या कामगारांच्या कार्यक्रमाला यंत्रमागवाल्यांशी त्यांच्या बोलीत बोलेल असं कुणीतरी हवं होतं, तेव्हा पुढच्या दारातून परतवलेल्या बाईला मागच्या दाराने आत घेतलं गेलं.

तिथून त्या कुठे कुठे गेल्या याचा हिशोब त्यांनाच लागत नसे. कुणाच्या तरी रजेत सकाळच्या शास्त्रीय संगीताची ड्युटी पदरी पडली, ती बारा वर्षं सुटली नाही. मग कलावंतांच्या मुलाखती. पुढे खासगी रेडिओवाल्यांना एका थोराड बाईचा आवाज हवासा झाला, म्हणून सहा महिने तिथे. "तिथे मला शॅलू म्हणायचे," त्या सांगायच्या. "आणि गाणं सुरू असतानाच त्याच्या अंगावर बोलायला लावायचे. सहा महिने बोलले, मग म्हटलं, शॅलूला घरी जाऊ द्या." त्यानंतर राहनाळच्या एका गोदामासाठी त्यांनी सूचना रेकॉर्ड करून दिल्या. 'फोर्कलिफ्टच्या वाटेत उभे राहू नका. शिफ्ट संपल्यावर हेल्मेट जागेवर ठेवा.' माझी चुलतबहीण तिथे पॅकिंगला आहे. तिला कितीतरी महिने वाटत होतं की ही बाई आत कुठेतरी खुर्ची टाकून बसते आणि सगळ्यांवर लक्ष ठेवते. मी हे सांगितलं तेव्हा शालनताई गंभीरपणे म्हणाल्या, "मग तिने हेल्मेट जागेवर ठेवलं का?"

संगीतापुढे मात्र त्या थट्टा आवरत्या घ्यायच्या. "गाणं वाजवायचं नसतं. गाणं लावायचं आणि आपण गप्प बसायचं," हे त्यांचं पहिलं कलम. दुसरं, निवेदन करताना 'मी' म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याला तुझ्याशी काही देणंघेणं नाही, असं मला बजावून सांगायच्या. रेकॉर्डिंगच्या आधी त्या नुसती खोली ऐकायच्या, पूर्ण एक मिनिट. पंखा, बाहेरची रिक्षा, नळ. पाहुणा अवघडून हसायला लागायचा, तरी यांचे डोळे मिटलेलेच. स्टुडिओत चहा बशीशिवाय. रेकॉर्डिंगच्या दिवशी चिवडा बंद, कारण घशाला लागतो. आणि बांगड्या घालून आलेल्या बाईला त्या इतक्या गोड बोलून बांगड्या काढायला लावायच्या की तिला तो मान वाटायचा.

एका फार मोठ्या गवयाच्या मुलाखतीची टेप त्यांनी मला ऐकवली होती. नाव सांगत नाही, त्यांच्या घरच्यांना आवडणार नाही.

"आज सकाळपासून काय काय केलंत?"

"रियाज."

"त्याच्या आधी?"

"चहा घेतला."

"कुणी केला?"

टेपवर इथे बुवांचा आवाज एकदम खाली उतरतो. "मीच करतो आता. ती गेल्यापासून." आणि पुढची वीस मिनिटं बुवा चहाबद्दल बोलतात. बायको आतून रियाज ऐकत असायची, सूर हलला की पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवायची, एवढीच तिची टीका. आता कुणी झाकण आपटत नाही, त्यामुळे आपण नीट गातो की नाही हे आपल्याला कळत नाही, असं तो मोठा माणूस रेडिओवर बोलून गेला. कार्यक्रम झाल्यावर अधिकारी रागावले. बुवांच्या पुरस्कारांची यादी वाचायची राहिली होती. "ती छापून येतेच की," शालनताई म्हणाल्या, आणि पुढचे दोन महिने त्यांना ड्युटी मिळाली नाही.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग वेगळा. आम्ही एका यंत्रमाग कारखान्यात गेलो होतो. मी शेठला म्हटलं, पाच मिनिटं लूम बंद ठेवता का? शालनताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तसं कधी विचारलं नाही. "लूम बंद केला तर तो पाहुण्यासारखा बोलेल," म्हणाल्या. माइक त्यांनी कारीगराच्या हनुवटीखाली धरला आणि दुसऱ्या हाताचा आडोसा केला.

"आज सुबह से क्या क्या किया, चाचा?"

"लूम चलाया."

"उसके पहले?"

"उसके पहले भी लूम. डबल शिफ्ट थी."

बोलता बोलता चाचांनी एकदम मान वळवली आणि चार लूम सोडून पाचव्याकडे चालत गेले. माझ्या कानांना नुसता खडखडाट ऐकू येत होता, त्यात त्यांना एका लूमचा आवाज बदललेला कळला होता. काहीतरी ढिलं झालं होतं ते त्यांनी बसवलं आणि परत येऊन वाक्य पुरं केलं. परतताना शालनताई रिक्षात अगदी लहान मुलीसारख्या खूश होत्या. "याच्याइतका कान माझ्या अख्ख्या रेडिओत एकाचाही नव्हता, अलका. माझा धरून."

त्यांचा एकच गर्व होता, आणि तो घड्याळाचा. कार्यक्रम साडेदहाला संपायचा म्हणजे साडेदहालाच. चाळीस वर्षांत एकदाही सेकंद ओलांडला नाही, असं त्या सांगायच्या आणि ते खरं होतं. गाणं लांबलं तर आवाज कमी करायची पट्टी, तिला आम्ही फेडर म्हणतो, ती त्या दोन बोटांनी इतकी हळू खाली आणायच्या की गाणं थांबलं हे ऐकणाऱ्याला उशिराच कळायचं. याला त्या 'गाणं झोपवणं' म्हणायच्या. मला ते फार आवडायचं. मी घरी स्वयंपाकाच्या मिक्सरच्या बटणावर त्याचा सराव केला आहे. त्या गर्वानेच पुढे घात केला.

अंबाडीच्या पुढे, रस्ता सोडून आत, वारल्यांचा एक पाडा आहे. तिथे लाडकीबाई राहतात. त्या धवलेरी. वारल्यांच्या लग्नात गाऊन लग्न लावणारी बाई असते, ती धवलेरी. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा, त्यापुढे बसून धवलेरीने गायचं, गाण्यातून देवाला बोलवायचं आणि लग्न लागलं की गाण्यातूनच त्याला परत पाठवायचं. लाडकीबाई शालनताईंच्याच वयाच्या, काटक, आणि बोलायला त्यांच्याहून तिखट. गाणं रेकॉर्ड करू द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. शालनताई चार वेळा गेल्या, चारही वेळा मशिन न घेता. अंगणात बसून वाल सोलले. दुसऱ्या खेपेला त्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न टाकला, आज सकाळपासून काय काय केलंत?

"तूच तं बगतीस," लाडकीबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांत त्या प्रश्नाला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. शालनताई दोन दिवस हसत होत्या.

पाचव्या खेपेला लाडकीबाई गायला तयार झाल्या. अट एकच घातली. "मधी तोडायचा न्हाय. देवाला बोलवला, का त्याला वाटेला लावी पावत गानं चालतं. मधी तोडला तं तो उबा ऱ्हातो." शालनताई म्हणाल्या, नाही तोडणार. आणि रेकॉर्डिंग खरोखर तोडलं नाही. चार तास गाणं चाललं. मशिनची बॅटरी उतरायला लागली तेव्हा मी दुसरं मशिन आधी सुरू केलं आणि मगच पहिलं बंद केलं. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं आमच्याकडे आलं. आम्ही दोघीही समजलो की शब्द पाळला.

मग ते गाणं लावायची वेळ आली. आमच्याकडे रोजचा अर्धा तास. शालनताईंनी सरळ त्याचे आठ भाग केले. रेडिओवाल्यांना यात काही वावगं वाटतच नाही, आम्ही सगळंच भाग पाडून लावतो. पहिल्या दिवशी देवाला बोलावणं झालं, गाणं रंगात आलं, आणि साडेदहाला अर्धं मिनिट असताना शालनताईंची दोन बोटं फेडरवर गेली. "उरलेलं उद्या, याच वेळी," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी पाणीकपातीची सूचना लावली. काय सुंदर झोपवलंत, असं मी त्यांना म्हटल्याचंही मला आठवतं. दुसऱ्या दिवशी आमचा ट्रान्समीटर बंद पडला. त्याचा सुटा भाग यायला अकरा दिवस लागले. ट्रान्समीटर सुरू झाला तेव्हा कॉलेजच्या कार्यक्रमांची गर्दी होती, त्यामुळे उरलेले सात भाग मागे पडले.

महिन्याभराने शालनताई म्हणाल्या, लाडकीबाईंना त्यांची प्रत देऊन येऊ. ज्याचा आवाज घेतला त्याच्या हातात त्याची प्रत ठेवायची, हा त्यांचा नेम होता. छोट्या स्पीकरमध्ये बसणारं कार्ड मी तयार केलं आणि आम्ही गेलो. लाडकीबाईंनी पाणी दिलं, कोरा चहा दिला, आणि कार्ड हातात घेतलं नाही. त्यांच्या सुनेने सगळं सांगितलं.

पाड्यातली सुमन नावाची मुलगी काल्हेरच्या गोदामात कामाला होती. तिथे रेडिओ चालू असतो. तिने गाणं ओळखलं, आनंदाने सगळ्यांना गप्प केलं, आणि ऐकता ऐकता गाणं तुटलं. दुसऱ्या दिवशी वाट पाहिली तर रेडिओच बंद. सुट्टीला घरी गेल्यावर तिने हे सांगितलं. त्याच सुमारास पाड्यात दोन घरांत ताप आला, एक ठरलेलं लग्न मोडलं. मग बोलणं सुरू झालं की लाडकीने देव भिवंडीला नेला आणि तिथेच सोडला. दोन लग्नांना दुसऱ्या पाड्याची धवलेरी आली. आता उन्हाळ्यात लाडकीबाईंच्या सख्ख्या नातीचं लग्न होतं, आणि मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की तुमच्या आजीला चौकापुढे बसवू नका.

"पण गाणं आम्ही पूर्ण घेतलंय," शालनताई म्हणाल्या. "मशिनमध्ये शेवटपर्यंत आहे."

"मशिनीत हाय," लाडकीबाई म्हणाल्या. "त्याला काय ठावं? त्याला बोलवला न् उबा ठेवला." आणि मग, "म्या तुला सांगलेलं."

एवढंच. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. मी म्हटलं, ताई, रेडिओमुळे ताप येत नाही, पाड्यात पिण्याचं पाणी कसलं आहे ते पाहिलंत ना? अशा समजुतींपुढे आपण कशाला मान तुकवायची? मी बरंच बोलले. मला वाटत होतं मी त्यांचीच बाजू घेते आहे.

"रेडिओने ताप येत नाही हे मलाही माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण रेडिओने तिचं गाणं गेलं, हे तुला माहीत आहे का? तिने एकच गोष्ट सांगितली होती, अलका. मी घड्याळाकडे पाहिलं."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं, आणि मला माझीच लाज वाटली.

आठवड्याने त्या एकट्या पाड्यावर जाऊन आल्या. लाडकीबाईंनी मार्ग सांगितला होता. देवाला जिथे बोलावलं तिथूनच वाटेला लावायचं, म्हणजे भिवंडीला, आमच्या स्टुडिओत. कार्डावरचं गाणं चालणार नाही, त्या स्वतः येऊन गाणार, जिथे तुटलं तिथून शेवटपर्यंत. आणि ज्याने तोडलं त्याने गाणं संपेपर्यंत समोर जमिनीवर बसायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. शालनताईंना मधुमेह होता आणि गुडघ्यांबद्दल सांगितलंच आहे. मी विचारलं, किती वेळ? "साडेतीन तास तरी," त्या म्हणाल्या.

आमचे संचालक सज्जन माणूस, पण सूचनांच्या बाबतीत हळवे. पाण्याच्या, परीक्षेच्या, लसीकरणाच्या सूचना ठरलेल्या वेळी गेल्या नाहीत की त्यांना घाम फुटायचा. ते म्हणाले, गाणं ठेवा, पण अर्ध्या अर्ध्या तासाने दोन मिनिटांच्या सूचना घ्या. शालनताई म्हणाल्या, घेता येणार नाहीत. ते म्हणाले, मग अवघड आहे. त्या म्हणाल्या, आहेच अवघड, आणि उठून आल्या. पुन्हा परवानगी मागायला त्या गेल्या नाहीत.

ठरल्या दिवशी सकाळी लाडकीबाई आल्या. बरोबर सून, आणि पाड्याच्या वतीने डोळ्यांदेखत पाहायला आलेले एक म्हातारे बाबा. लाडकीबाईंनी भिंतींवर नजर फिरवली. "येवडी अंडी कोनी खाल्ली?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही सगळे पहिल्यांदा श्वास सोडून हसलो. बाबा तेवढे हसले नाहीत. आम्ही चटई टाकली, माइक खाली घेतला. शालनताई भिंतीचा आधार न घेता समोर बसल्या. अंबाडीपर्यंत आमचा आवाज पोचत नाही, म्हणून तिकडे काल्हेरला सुमनने गोदामाच्या रेडिओजवळ फोन धरून पाड्यात ऐकवायचं कबूल केलं होतं. इतका वेळ एकच फोन चालू ठेवला की तो गरम होतो आणि बंद पडतो, म्हणून तिने दोन मैत्रिणी आपापले फोन घेऊन तयार ठेवल्या होत्या.

दहा वाजता मी खूण केली. शालनताई बोलल्या.

"मी शालन चौबळ. धवलेरी लाडकीबाईंचं लग्नाचं गाणं मी याच जागेवरून अर्ध्यात तोडलं. तोडू नको असं त्यांनी मला आधी सांगितलं होतं. मी शब्द दिला होता आणि घड्याळ पाहून तोडलं. यात त्यांचा काही दोष नाही. सगळा माझा आहे. आज त्या गाणं पूर्ण करतील. त्याला किती वेळ लागेल, मला माहीत नाही."

मग लाडकीबाईंनी गाणं उचललं. एकच चाल, पुन्हा पुन्हा येणारी, मधेच एखादी ओळ सून धरायची. अर्ध्या तासाने संचालक काचेपलीकडे उभे राहून मनगटावर बोट आपटू लागले. शालनताईंना उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी दाराला आतून कडी घातली. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

श्रोत्यांचा फोन अधूनमधून नुसता लुकलुकत होता. एकदा मी हेडफोन लावून हळूच घेतला. "मॅडम, ये कब खतम होगा?" कुणीतरी कारीगर विचारत होता, मागे लूम चालू. पता नहीं, मी कुजबुजले. "ठीक है," तो म्हणाला. "चलने दो."

दुसऱ्या तासानंतर शालनताईंचा चेहरा पांढरा पडायला लागला. गाता गाता लाडकीबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, पण त्यांनी गाणं ना घाईत घेतलं ना कमी केलं. तसं केलं असतं तर सगळंच फुकट गेलं असतं, हे त्या दोघींनाही कळत होतं. दीड वाजून गेल्यावर लाडकीबाई थांबल्या. पदराने तोंड पुसलं.

"गेला," म्हणाल्या.

मी माइक बंद केला. शालनताईंना उठता येईना, तेव्हा सुनेने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरलं. मी पुढे केलेलं साखरेचं पाणी घेण्याआधी त्यांनी विचारलं, "नीट गेला?"

"गेला म्हनलं ना," लाडकीबाई म्हणाल्या. बाबांनी टोपी घातली. "पाड्यात सांगतो," एवढंच म्हणून ते जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात शालनताईंचा कार्यक्रम बंद झाल्याचं पत्र आलं. नव्या उपक्रमांना वाव देण्यासाठी, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी ते वाचून घडी केली. "भाषा चांगली आहे," म्हणाल्या. मला काढलं नाही, कारण ट्रान्समीटर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. मी संचालकांशी महिनाभर नीट बोलले नाही, पण शालनताई दर गुरुवारी यायच्या आणि त्यांच्याच केबिनमध्ये बसून बशीशिवाय चहा प्यायच्या.

पाड्यातून मात्र काही कळत नव्हतं. उन्हाळा लागला. लग्नाच्या चार दिवस आधी सुमनचा फोन आला, "तुमाला दोघींना बोलवलंय." मी विचारलं, गाणार कोण? तिलाही नक्की माहीत नव्हतं. पाड्यात दोन बैठका झाल्या होत्या, मुलाकडचे अजून घोळ घालत होते. मशिन घेऊ का, असं मी निघताना शालनताईंना विचारलं. नको म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात गर्दी होती. मुलाचा एक काका आणि त्याच्या घरचे आलेच नव्हते, त्यांची समजूत शेवटपर्यंत पटली नाही. पण आत भिंतीवर ताजा चौक काढलेला होता आणि त्याच्यापुढे लाडकीबाई बसल्या होत्या. गाणं सुरू झालेलं होतं. शालनताई दारातच थांबल्या.

त्या दिवसानंतर आम्ही फोनवर बोललो, पण भेट झाली नाही. महिन्याभरात त्या दवाखान्यातच गेल्या, साखरेने आणि हृदयाने मिळून. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या लग्नातलं.

अंबाडीला जाणारा शेवटचा टेम्पो पाचला होता. मी बायकांमधून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि कानात म्हटलं, ताई, निघायला हवं. यांचं अजून किती चालेल कुणास ठाऊक.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मला पूर्ण ऐकायचंय."

दारातून मी मागे वळून पाहिलं. त्या बायकांच्या मधे उघड्या जमिनीवर बसल्या होत्या, दुखरा गुडघा लांब करून, डोळे मिटून. लाडकीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळ न मोडता आपल्या चटईचा कोपरा पायाने त्यांच्या बाजूला लोटला. शालनताईंनी हाताने चाचपून पाहिलं आणि त्या सरकून त्यावर बसल्या.